गिरगावातला गिरी

गिरगाव हे नाव दिवसातून शंभर वेळा उच्चारले जाते. पण त्यातला ‘गिरी’ फारसा कोणाच्या ध्यानात येत नाही. गिरीच्या पायथ्याचे ग्राम ते गिरगाव, अशी या नावाची व्युत्पत्ती सांगितली जाते. तो गिरी म्हणजे मलबार टेकडी. तिची उंची जेमतेम पन्नास मीटर. सह्याद्रीच्या शिखरांपुढे तिचे नाव घेणेही धाडसाचे ठरेल. तरीही दक्षिण मुंबईतील उंच भूभागांत तिचा मान पहिला, आणि तिच्या अंगावरची झाडी अजून पुरती हटलेली नाही. धावण्याची हौस असलेली मंडळी डोंगर आणि रान शोधीत लोणावळा, माथेरान किंवा साताऱ्याचा यवतेश्वर घाट गाठतात. ज्यांची पेढी सकाळी दहाला उघडते आणि ज्यांना रविवारचीही सवड मिळत नाही, त्यांच्यासाठी चढ, उतार, सावली, पक्षी आणि समुद्र हे सारे चर्नी रोड स्थानकापासून काही मिनिटांच्या अंतरावर आहे.

व्यापारी कुटुंबांत बैठे जीवन पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले असते. गादीवर असो वा खुर्चीवर, दिवसाचे दहा-बारा तास बसण्यात जातात. त्यावर उपाय म्हणून दादर-परळची मंडळी शिवाजी पार्कला फेऱ्या घालतात. तेथील कट्ट्याचा एक फेरा सुमारे बाराशे मीटरचा भरतो. गिरगावकर मरीन ड्राइव्हच्या साडेतीन किलोमीटरहून थोड्या अधिक लांबीच्या पदपथावर जातात. या दोन्ही वाटा चांगल्या आहेत. मात्र त्या सपाट आहेत. सपाटीवर तेच स्नायू त्याच लयीत वापरले जातात. चढावर मांडी, पोटरी आणि कंबर यांना अधिक काम पडते, श्वास लवकर भरून येतो आणि कमी अंतरात, कमी वेळात पुरेसा व्यायाम घडतो. मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. तिच्या मार्गावरील पेडर रोडचा चढ शेवटच्या टप्प्यात, पाय थकलेले असताना समोर येतो आणि अनेकांची परीक्षा पाहतो. याच टेकड्यांच्या अंगावरून तो रस्ता गेला आहे. ज्याने पहाटेच्या वेळी मलबार टेकडी आपलीशी केली, त्याला त्या चढाची धास्ती कमी वाटते.

या वाटेचा प्रारंभ गिरगाव चौपाटीवरील लोकमान्य टिळकांच्या पुतळ्यापाशी करावा. १९२० साली लोकमान्यांच्या पार्थिवावर याच वाळूत अंत्यसंस्कार झाले. सूर्योदयापूर्वी येथे गजबज नसते. भेळवाल्यांची दुकाने बंद असतात आणि उपसागराच्या पलीकडच्या काठावर मरीन ड्राइव्हचे दिवे अजून विझलेले नसतात. पहिली दहा मिनिटे केवळ चालावे, घोटे आणि गुडघे मोकळे करावेत. विल्सन कॉलेजची जुनी दगडी इमारत उजव्या हाताला टाकून पुढे गेले की वाळकेश्वर मार्ग वळण घेत टेकडीच्या अंगावर चढू लागतो.

येथे नवख्याची चूक ठरलेली असते. सपाटीवरचा वेग तो चढावरही टिकवू पाहतो आणि दोनशे पावलांत दम लागून थांबतो. चढावर पाऊल आखूड टाकावे, शरीर कमरेतून न वाकवता किंचित पुढे झुकवावे, हात जवळ ठेवून हलवावेत. शेजारच्याशी एखादे वाक्य बोलता येईल इतकाच वेग असावा. बोलणे तुटू लागले तर निःसंकोच चालावे. चढ चालत पार करणे हा धावण्याचाच भाग आहे, यात कमीपणा नाही.

चढ संपतो तो तीन बत्तीला. ज्यांच्याजवळ वेळ असेल त्यांनी येथून बाणगंगेकडे उतरावे. शिलाहारांच्या काळापासून ओळखले जाणारे हे तळे समुद्राच्या इतक्या निकट असूनही गोड्या पाण्याचे आहे. श्रीरामाने बाण मारून येथे पाणी काढले आणि वाळूचे शिवलिंग करून पूजिले, अशी कथा सांगतात; ‘वालुका-ईश्वर’ यावरूनच वाळकेश्वर हे नाव आले. जुन्या दगडी पायऱ्या, दीपमाळा आणि पाण्यावर तरंगणारी बदके पाहताना पाय आपोआप मंदावतात. येथून वर येताना पायऱ्या चढाव्या लागतात, एवढे ध्यानात ठेवावे.

तीन बत्तीहून टेकडीच्या माथ्याकडे जाणारा रस्ता म्हणजे जुना रिज रोड, आजचा बाळ गंगाधर खेर मार्ग. त्याच्या आरंभीच बाबू अमीचंद पन्नालाल आदीश्वर जैन देरासर आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी उभे राहिलेले हे देरासर, प्रवेशद्वारी उभे असलेले दोन दगडी हत्ती आणि आतील रंगीत नक्षी यांमुळे परगावचे प्रवासीही ओळखतात. पहाटे येथे दोन प्रकारची माणसे एकाच रस्त्यावर दिसतात: बुटांच्या नाड्या आवळून धावणारी, आणि पूजेची वस्त्रे नेसून अनवाणी येणारी. चालताना पुढची साडेतीन हात भूमी न्याहाळावी, ही ईर्यासमितीची शिकवण त्यातील दुसऱ्यांना बालपणापासून ठाऊक असते. धावणाऱ्यालाही ती तितकीच उपयोगाची आहे. पावसाळ्यात या रस्त्याच्या कडेने गांडुळे, गोगलगायी आणि मुंग्यांच्या रांगा असतात. पदपथाची उखडलेली फरशी आणि वडाच्या वर आलेल्या मुळ्याही असतात. नजर भूमीवर ठेवणारा जीव वाचवतो आणि स्वतःचा घोटाही वाचवतो.

माथ्यावर फिरोजशहा मेहता उद्यान, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले हँगिंग गार्डन. झुडपे कातरून केलेले प्राणी पाहून मुले हरखतात. पण आपण एका प्रचंड टाकीच्या छतावर उभे आहोत, हे त्यांच्यासोबत आलेल्या थोरांनाही अनेकदा माहीत नसते. या हिरवळीखाली १८८७ सालचा जलाशय आहे. त्यात सुमारे १४.७ कोटी लिटर पाणी मावते आणि गिरगाव, फोर्ट, कुलाबा या भागांतील घरांना ते मिळते. गिरगावच्या चाळीत पहाटे नळाखाली धरलेली कळशी या टेकडीच्या माथ्याशी अशी जोडलेली आहे.

हीच टाकी काही काळ वादाचा विषय झाली होती. जलाशय जुना झाला म्हणून तो पाडून नव्याने बांधण्याची सुमारे ६९८ कोटी रुपयांची योजना महापालिकेने आखली. त्यापायी ३८९ झाडांवर गदा येणार, काही तोडली जाणार, काही हलवली जाणार आणि उद्यान कित्येक वर्षे बंद राहणार, हे २०२३ मध्ये उघड झाले. रहिवासी आणि रोज सकाळी येथे फिरणारी माणसे एकत्र आली. त्यांनी हरकती नोंदवल्या, सभा घेतल्या, प्रश्न विचारले. पाणी सर्वांनाच हवे होते. त्यासाठी झाडे पाडणे खरोखर आवश्यक आहे का, एवढाच त्यांचा प्रश्न होता. आयआयटी मुंबईच्या प्राध्यापकांचा समावेश असलेली समिती नेमण्यात आली, जलाशयाच्या आत उतरून पाहणी झाली आणि आयआयटीच्या तज्ज्ञांनी तातडीच्या पुनर्बांधणीची गरज नाही, दुरुस्ती करता येईल, असा अभिप्राय दिला. अखेर पुनर्बांधणीचा बेत मागे पडला. झाडे उभी राहिली.

ती उभी असण्याला अर्थ आहे. ऑगस्ट २०२० मध्ये कुलाब्याला एका दिवसात ३०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, त्या वेळी केम्प्स कॉर्नरजवळ या टेकडीचा उतार न. स. पाटकर मार्गावर कोसळला. माती, दगड आणि वृक्ष रस्त्यावर आले आणि वरच्या खेर मार्गाचा तो भाग दीर्घकाळ बंद ठेवावा लागला. ही टेकडी सजीव आहे, तिची माती निसटू शकते, हे त्या रात्री शहराला कळले. उतारावरील माती जागच्या जागी राहण्यास मुळांची जाळी मोठा हातभार लावते. टेकडीवरील सर्वांत दाट झाडी आज दोन ठिकाणी आहे: टोकाला राज्यपालांच्या निवासस्थानाच्या आवारात आणि माथ्याजवळ पारशी समाजाच्या डुंगरवाडीत. डुंगरवाडी अंत्यविधीचे पवित्र स्थान असल्याने तेथे इतरांना प्रवेश नाही, आणि नसावाही. परंतु पहाटे रस्त्यावरून जाताना आतून मोराची केका ऐकू येते. एका लहानशा समाजाने सतराव्या शतकापासून श्रद्धेने जपलेली ही भूमी साऱ्या शहराला सावली देते.

उद्यानासमोर कमला नेहरू पार्क आहे. त्यातील ‘म्हातारीचा बूट’ मुंबईच्या कित्येक पिढ्यांच्या छायाचित्रांत आहे. येथून चौपाटी आणि मरीन ड्राइव्हची कमान एका दृष्टिक्षेपात दिसते. पार्कच्या अंगाला झाडीतून गेलेली उन्नत निसर्गवाट २०२५ च्या गुढीपाडव्याच्या सुमारास खुली झाली. सुमारे ४८५ मीटर लांबीची, लाकडी फळ्यांची ही अरुंद वाट झाडांच्या शेंड्यांजवळून जाते. प्रारंभी प्रवेशशुल्क पंचवीस रुपये ठेवण्यात आले आणि वेळ आधी नोंदवून जाण्याची पद्धत आहे. ही धावण्याची वाट नव्हे. येथे वृद्ध आईवडिलांना आणि मुलांना आणावे, हळू चालावे, तांबट पक्ष्याची टुकटुक ऐकावी. शेजारच्या काँक्रीटच्या जंगलाचा विसर पडावा इतकी शांतता पहाटे येथे असते.

परतीसाठी सिरी रोडचा उतार उत्तम. सिरी म्हणजे शिडी, असा या नावाचा अर्थ सांगतात. वाळकेश्वरचे यात्रेकरू जुन्या काळी चौपाटीकडून याच बाजूने टेकडी चढत. उतारावर मोह वेगाचा होतो, आणि गुडघे दुखावतात ते येथेच. पावले आखूड ठेवावीत, गुडघा किंचित वाकलेला असावा, टाच आपटू नये. साठी ओलांडलेल्यांनी आणि गुडघेदुखी असलेल्यांनी उतार चालतच उतरावा. पावसाळ्यात शेवाळ धरते, म्हणून त्या चार महिन्यांत सर्वांनीच येथे धावणे टाळलेले बरे.

हा संपूर्ण फेरा, बाणगंगा वगळता, चार किलोमीटरच्या आसपास भरतो. सवय झालेल्याला अर्धा तास पुरतो, नवख्याला तास लागतो. हिवाळा हा सर्वांत चांगला काळ. ज्यांची नवकारशी असते, त्यांना सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांपर्यंत पाणीही घ्यायचे नसते; त्यांनी चैत्र-वैशाखाच्या उकाड्यात धावण्याचा हट्ट न धरता चालण्यावर समाधान मानावे आणि आदल्या सायंकाळी चौविहारापूर्वी पुरेसे पाणी प्यावे. उपवास वा एकासण्याच्या दिवशी पायांना विश्रांती द्यावी. हृदयविकार, मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी चढ सुरू करण्याआधी वैद्यकीय सल्ला घेतलाच पाहिजे.

खाली पोहोचेपर्यंत चौपाटी जागी झालेली असते. बाबुलनाथाच्या पायऱ्यांकडे भाविक वळू लागतात, शाळेच्या बसगाड्या दिसू लागतात. पेढी उघडायला अजून दोन-अडीच तास असतात. घरी परतल्यावर ओंजळीत घेतलेले नळाचे पाणी ज्या टेकडीवरून आले, ती नुकतीच पायांखालून गेलेली असते.