पगार गिऱ्हाइकाच्या मर्जीवर

वर्क परमिट हातात आल्यावर मला पहिलं काम मिळालं ते डॅलसजवळच्या एका भारतीय रेस्टॉरंटमध्ये, वेट्रेसचं. पगार तासाला २.१३ डॉलर. "बाकीचं टिपमधून सुटतं," असं मालकाने सांगितलं. टेक्ससमध्ये हे कायद्याला धरूनच आहे. टिप मिळणाऱ्या कामगारांसाठी अमेरिकेच्या केंद्र सरकारने ठरवलेला हा किमान दर १९९१ पासून बदललेला नाही. टिप धरूनही तासाला ७.२५ डॉलर होत नसतील तर फरक मालकाने द्यायचा, असंही कायदा सांगतो. आमच्याकडे तो फरक मागणाऱ्या मुलीची शनिवार रात्रीची शिफ्ट जायची आणि तिला मंगळवारची दुपार मिळायची.

मंगळवारी दुपारी टेबलं रिकामी. तरी नॅपकिनमध्ये काटे-चमचे गुंडाळा, चटण्यांच्या वाट्या भरा, काचा पुसा. हे सगळं २.१३ डॉलरमध्येच. टिपवरचा करही याच पगारातून कापला जायचा, त्यामुळे चेकवर कधीकधी शून्य असायचं. घरभाडं जायचं ते निव्वळ टिपमधून.

रविवारी बफेला आपली मंडळी यायची. आठ-दहा जणांचं टेबल, बाळासाठी वेगळा मऊ भात, पुन्हापुन्हा गरम नान. दोन तासांनी बिलावर टिपच्या रकान्यात आडवी रेघ. एका काकांनी विचारलंही, "आपल्या हातांनी वाढून घेतलं, मग टिप कसली?" त्यांचा राग येत नसे. आपल्याकडे बडीशेपेच्या बशीत सुटे पैसे ठेवतात, वेटरचा पगार मालक देतो, हेच त्यांना ठाऊक. माझा राग मालकावर होता. मेन्यूवर दर कमी दाखवायचे आणि माणसांचा पगार गिऱ्हाइकाच्या दयेवर सोडायचा! वर कार्डाने आलेल्या टिपमधून तो स्वतःचा वाटा काढायचा. २०१८ पासून केंद्राच्या कायद्याने मालकाला टिपमधला पैसा ठेवून घेता येत नाही. पण काही मुलींच्या व्हिसाची बाजू कच्ची होती, त्या तक्रार कुठे करणार?

कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, मिनेसोटा या राज्यांत मालकाला पूर्ण किमान वेतन द्यावंच लागतं, टिप त्यावर. तिथलीही हॉटेलं चालतातच. टेक्ससमध्येही हेच व्हायला हवं.

ते होईपर्यंत, मुलांकडे इकडे येणाऱ्यांना माझी विनंती आहे: बिलाच्या अठरा-वीस टक्के टिप ठेवा. शक्यतो रोख द्या, आणि वाढणाऱ्याच्याच हातात द्या.