बहिणींमधलं अंतर

वैशाख जवळ आला की डिचोली आणि म्हापशाच्या बाजारात मोगऱ्याच्या कळ्यांचे ढीग पडतात. या फुलांचा वास गोव्यात अनेकांसाठी शिरगावच्या लईराई देवीचा वास असतो. ३ मे २०२५ च्या पहाटेपासून त्या वासात दुःख मिसळलं आहे. त्या पहाटे शिरगावच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली, सहा भाविक गेले आणि कितीतरी जखमी झाले. त्यानंतर रस्त्याची रुंदी, येण्याजाण्याची दारं, दुकानांच्या जागा, पोलिसांची संख्या यांची भरपूर चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण ती सगळी चर्चा भाविक जिथे पोचतात त्या जागेची होती. ते कुठून येतात, कसे येतात, वाटेत त्यांच्याबरोबर कोण असतं, याचा विचार फारसा झाला नाही. मला वाटतं, लईराई, तिची बहीण केळबाई आणि त्यांच्या भावंडांची यात्रा देवळांइतकीच देवळांमधल्या अंतरातही आहे. ते अंतर घरच्या माणसांबरोबर चालून जाणं हा त्या श्रद्धेचा गाभा आहे, आणि आपण तोच हरवत चाललो आहोत. हे पटवून द्यायला मुळगावसारखी दुसरी जागा नाही.

मुळगाव केळबाईचं. तासाभराच्या चालीवर शिरगाव, तिथे लईराई. डिचोलीच्या पलीकडे मये, तिथे महामाया. मोरजीला मोरजाई, म्हापशाला मिराबाई, समुद्रात अंजदीव बेटावर आणखी एक बहीण, आणि वायंगिणीला या साऱ्यांचा भाऊ खेतोबा. भावंडांची यादी आणि कथेचे तपशील गावागणिक थोडे बदलतात, पण कथेचा कणा सगळीकडे एकच आहे. हत्तीवर बसून ही भावंडं या मुलखात आली. लईराईनं खेतोबाला विस्तव आणायला पाठवलं. तो वाटेत पोरांच्या खेळात रमला आणि विस्तव वेळेवर आला नाही. रागाच्या भरात बहिणीनं भावाला लाथ मारली, घर फुटलं, आणि प्रत्येकजण वेगळ्या गावी जाऊन राहिला. नंतर पश्चात्ताप झाला. लईराई निखाऱ्यांतून चालू लागली, केळबाईनं पेटता विस्तव डोक्यावर घेतला. म्हणजे या भागातली सगळ्यात मोठी जत्रा एका घरगुती भांडणाच्या प्रायश्चित्तातून उभी राहिली आहे. या देवींनी राक्षस मारले म्हणून त्या पूज्य ठरल्या, असं ही कथा सांगत नाही. त्या रागावल्या, दुरावल्या आणि पस्तावल्या, असं ती सांगते. दुरावा ही जर कथेची मुख्य गोष्ट असेल, तर शिरगाव आणि मुळगाव यांच्यामधली शेतं, व्हाळ आणि चढउतार हाही त्या कथेचाच मजकूर आहे.

इथे दामोदर धर्मानंद कोसंबी आठवणं अपरिहार्य आहे, जरी त्यांच्या भौतिकवादी मांडणीला या भक्तिभावाशी काही देणंघेणं नव्हतं. गोव्यातच १९०७ मध्ये जन्मलेल्या या गणितज्ञ-इतिहासकारानं ‘मिथ अँड रिअॅलिटी’ (१९६२) या पुस्तकात मातृदेवतांच्या स्थानांचा शोध घेतला. पुण्याच्या आसपासचे डोंगर पायी धुंडाळून त्यांनी दाखवलं की अनेक देवींची ठाणी फार जुन्या वाटांवर, वाटा एकमेकींना छेदतात तिथे आहेत. शेती स्थिरावण्याआधी फिरस्ते गट ज्या वाटांनी जात, तिथे ते भेटत आणि तिथेच देवी बसत. ही मांडणी महाराष्ट्राच्या पठारावरची आहे. डिचोलीच्या मातीला ती जशीच्या तशी लावता येणार नाही. तरी तिच्यातला क्रम मोलाचा आहे: आधी वाट, मग देऊळ. अॅन फेल्डहाउस यांनी ‘कनेक्टेड प्लेसेस’ (२००३) या अभ्यासात पालख्या, कावडी, नद्या आणि देवतांची नाती यांमुळे माणसांच्या मनात प्रदेश कसा जुळत जातो ते मांडलं. या दोन अभ्यासांचा आधार घेऊन मी इतकंच म्हणेन की बहिणींची नाती ही या मुलखाची सर्वांत जुनी रस्तेबांधणी असावी. अमक्या गावची देवी तमक्या गावच्या देवीची बहीण, असं म्हणताक्षणी दोन गावं सोयरी होतात आणि त्यांच्यामधल्या वाटेवर दोघांचाही हक्क तयार होतो.

हा हक्क किती चिवट असतो ते म्हापशानं दाखवलं. बारदेश सोळाव्या शतकातच पोर्तुगीजांकडे गेला. डिचोली मात्र बाहेरच राहिली, पुढे सावंतवाडीकर भोसल्यांकडे गेली, आणि डिचोली, सत्तरी, पेडणे हा पट्टा पोर्तुगीजांनी १७८१ ते १७८८ या काळात घेतला. म्हणजे दोन शतकांहून जास्त काळ केळबाई आणि मिराबाई या बहिणींच्या मधून दोन राज्यांची सीमा जात होती. सीमेपलीकडे देवळं पडली, धर्म बदलला, म्हापशाला १५९४ मध्ये चर्च उभं राहिलं. लोकांनी मात्र बहिणीशी नातं तोडलं नाही. मिराबाई ही चर्चमधली मिलाग्रिस सायबीण झाली, इतकंच त्यांनी मान्य केलं. ईस्टरनंतर पंधरवड्यानं येणाऱ्या सोमवारी तिचं फेस्त असतं. तिथे ख्रिस्ती आणि हिंदू दोघंही तेल वाहायला जातात. लईराईकडून सायबिणीला तेल आणि सायबिणीकडून लईराईला मोगऱ्याची फुलं, ही देवघेव पिढ्यान्‌पिढ्या सांगितली आणि पाळली जाते. सत्ता, सीमा आणि धर्म या तिन्ही गोष्टींना हे नातं पुरून उरलं, कारण कोणीतरी हातात तेल घेऊन दर वर्षी ते अंतर पार करत राहिलं.

यावर आक्षेप येईल की या सात भावंडांची कथा धर्मांतरानंतर, झालेली फाटाफूट समजून घेण्यासाठी रचली गेली असेल. असेलही. समजा तसंच असलं, तरी माझा मुद्दा दुबळा होत नाही, उलट बळकट होतो. ज्या समाजाची घरं एका पिढीत दोन धर्मांत वाटली गेली, त्यानं त्या आघाताचं उत्तर नात्याच्या भाषेत दिलं, तर ते उत्तर कथेच्या वयापेक्षा मोठं आहे. दुसरा आक्षेप अधिक नेमका आहे: सातही ठिकाणं सलग पायी करण्याची ठरलेली रीत नाही, ज्याचा त्याचा जत्रेचा दिवस वेगळा, मग ही वाट आली कुठून? हे खरं आहे, आणि मला तशी नवी रीत लादायचीही नाही. पण व्रत घेतलेले धोंड रंगीत गोंड्यांचे वेत हाती धरून, अनवाणी, आपापल्या गावाहून शिरगावला चालत येतातच. जत्रेनंतर देवीचा कळस शिरगावात घरोघरी फिरतो. चालणं या परंपरेच्या आतच आहे, ते बाहेरून आणावं लागत नाही. मुळगावहून शिरगाव, शिरगावहून असनोड्यामार्गे म्हापसा, किंवा मुळगावहून मये हे एकेका दिवसाचे टप्पे आहेत. आजी, सून, नातवंडं मिळून त्यातला एखादा टप्पा चालू शकतात. जत्रेच्याच रात्री चालायला हवं असंही नाही. भात कापून झाल्यावर, मार्गशीर्षातल्या एखाद्या थंड सकाळी निघावं. म्हातारी माणसं दमतील, मुलं कंटाळतील, उन्हाचा त्रास होईल, असं कोणी म्हणेल. त्याला उत्तर सावलीची झाडं, पाण्याची सोय आणि वाहनांपासून सुरक्षित कडेची वाट हे आहे. गाडीनं थेट देवळाच्या दारात उतरणं हे त्याला उत्तर नव्हे, कारण ज्यांच्या गुडघ्यांसाठी ती सोय केली जाते त्यांच्याजवळच कथा असते, आणि गाडीत ती सांगून व्हायच्या आत गाव येतं.

माझा खरा राग मात्र उन्हावर नाही, वाटांच्या नशिबावर आहे. डिचोली तालुक्याचे रस्ते दशकानुदशकं लोहखनिजाच्या ट्रकांचे होते. शिरगावच्या विहिरींचं पाणी खाणींच्या खड्ड्यांनी ओढून घेतलं, शेतांत गाळ उतरला. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुढे काही सुरू झाल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केलं, आणि लिलावानंतर डिचोलीच्या पट्ट्यात २०२४ मध्ये खाणकाम पुन्हा सुरू झालं. देवळं, घरं, शेतं आणि तळी लीजच्या हद्दीतून वगळा, ही मागणी मुळगावच्या लोकांना वारंवार करावी लागली. या मागणीचा मी पूर्ण कैवारी आहे, फक्त तिच्यात एक भर घालायला हवी. देऊळ वगळलं आणि भोवतालची जमीन गेली, तर केळबाई जागेवर राहील, पण तिला बहीण उरणार नाही. खाणींवर पोट असलेली घरंही याच गावांत आहेत आणि त्यांची अडचण खोटी नाही. पण जुनी पायवाट राखणं म्हणजे खाण बंद करणं नव्हे. नकाशावर एक रेघ राखून ठेवणं इतकीच ती मागणी आहे. पर्यटनाचे आराखडे करणाऱ्यांनाही हेच सांगावं लागेल. देवळापुढे फरशा आणि विजेचे खांब लावून यात्रेचा फेरा पूर्ण होत नाही. जे जोडायचं ते देवळांच्या मधे आहे.

शिरगावच्या दुर्घटनेनंतर कोणी विचारेल, लोकांना आणखी कशाला बोलवायचं? मी एका रात्री आणखी लोक बोलवत नाही. सगळी श्रद्धा एकाच रात्री, एकाच चिंचोळ्या उतारावर गोळा होते, कारण वर्षाचे बाकीचे दिवस आणि वाटेचे बाकीचे कोस आपण रिकामे सोडले आहेत. व्रताच्या दिवसांत धोंड एकत्र राहतात, स्वतः रांधतात, संयम पाळतात, मग अग्नीपुढे उभे राहतात. इतरांनी त्या तयारीतलं काहीच न करता शेवटच्या क्षणापुरतं हजर राहायचं, हा असमतोल आहे. गर्दीचं नियोजन शासनानं आणि देवस्थानानं करावंच. वर्षभर थोडं थोडं चालणं हा त्याला पर्याय नाही, पण भक्तीचा भार एका रात्रीवरून उतरवण्याचा तो एक प्रामाणिक मार्ग आहे.

आणि हा सगळा युक्तिवाद करताना मन पुन्हापुन्हा त्या खेतोबाकडे जातं. त्याचा अपराध काय, तर वाटेत खेळ दिसला आणि तो थांबला. कथा त्याला उशीर करणारा म्हणून ओळखते, पण कुणाही कुटुंबाबरोबर चालून पाहिलं तर त्यात एक खेतोबा असतोच. कुणी बोरं वेचतं, कुणी व्हाळात पाय बुडवून बसतं, कुणाला आजीपेक्षा कुत्र्याचं पिल्लू महत्त्वाचं वाटतं. लईराईला पश्चात्ताप झाला तो याच उशिराला दिलेल्या शिक्षेचा. मग तिच्या नावानं निघालेल्या यात्रेत घाई कशी शोभेल? आपल्या आजच्या यात्रा मात्र पोचण्याची वेळ धरून आखलेल्या असतात, म्हणजे बहिणीच्या रागाच्या बाजूनं आखलेल्या असतात, तिच्या पश्चात्तापाच्या बाजूनं नाही. निखाऱ्यांतून चालण्याचं धैर्य थोड्यांना असतं आणि ते व्रतानं येतं. मागे राहिलेल्या पोरासाठी थांबणं मात्र सगळ्यांना जमण्यासारखं आहे, आणि या कथेत जे प्रायश्चित्त मागितलं गेलं त्याचा तो सामान्य माणसाच्या वाट्याला आलेला भाग आहे. त्यासाठी थांबता येईल अशी वाट लागते. मुळगाव, शिरगाव आणि मयेच्या ग्रामसभांनी ती आपल्या ठरावांत लिहून मागावी.