वीस पावलांवरचा रोही

होस्टेलवर मला सगळे 'अर्जुन' म्हणतात. कारण एवढंच की अमरावतीला मी तिरंदाजी शिकलो आणि माझं धनुष्य कॉटखाली असतं. पण या अर्जुनाची दिवाळीच्या सुट्टीत काय गत झाली, ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

आमचं गाव वरूडजवळ. त्या पावसाळ्यात बाबांनी शेंदुरजनाघाटहून संत्र्याची दोनशे कलमं आणून लावली. रोह्यांनी (पुस्तकातली नीलगाय) त्यातली साठ खुडली. "मेडलं आनतं, अन् घरचं वावर राखता येत नाही," बाबा म्हणाले. लागलं मनाला. १९७२ च्या कायद्याने रोह्याची शिकार गुन्हा आहे हे माहीत होतं. (त्याच वर्षी म्युनिकला तिरंदाजी ऑलिम्पिकमध्ये परत आली. काय योगायोग!) तरी पहाटे धनुष्य घेऊन निघालोच.

राखणीला एक फासेपारधी आबाजी होते. लहानपणी बापासोबत फास लावून हरणं धरलेली. मला पाहून हसले. "पोरा, हवा तुह्या पाठीकून जाऊन राह्यली. त्याले तुहा वास कवाचाच भेटला."

मैदानावर आम्ही वारा पाहतो तो बाणासाठी. इथे तो स्वतःच्या वासासाठी पाहायचा! आबाजींनी चिमूटभर माती सोडून पाहिली, मग बैल सोडला. "याच्या आडून चाल. हा चरन तवा थांब." त्यांचे बापजादे काळविटापर्यंत असेच पोचायचे. रोही रोज एकाच जागी लेंड्या टाकतात. ती जागा आबाजींना ठाऊक होती. एक एकर ओलांडायला अर्धा तास गेला.

मग दिसला. घोड्याएवढा, निळसर राखाडी, गळ्याखाली केसांचा झुपका. आफ्रिकेतल्या एलँडचा हा लांबचा नातलग. अंतर वीस पावलं. आम्ही सत्तर मीटरवर नेम धरतो, हे तर पोरखेळ. दोरी हनुवटीपर्यंत ओढली.

आबाजी कानाशी पुटपुटले, "फासातलं जनावर तिथंच भेटते. बान लागलेलं भेटत नाही. मरत राह्यते कुठंतरी तीन दिवस."

माझ्या बाणाला सरावाचं बोथट टोक. मारायचं ते नव्हतंच. हात थरथरायला लागला. दोरी हळूहळू सैल सोडली, तेवढ्या आवाजाने तो धुऱ्यावरून पार!

"मंग मले इथवर आनलं कायले?" मी चिडून विचारलं.

"तुले पाहाचं होतं ना."

त्या आठवड्यात आणखी नऊ कलमं गेली. बाबांना मी सगळं सांगितलं. ते काहीच बोलले नाहीत. निघताना धनुष्याची पेटी मात्र त्यांनी स्वतः एसटीत चढवून दिली.