पूर्ण तिकीटवाल्यांचं काय?

मंडळी, आज जरा एसटीच्या तिकिटाबद्दल बोलायचंय. राज्यातली पहिली एसटी 1 जून 1948 ला पुणे-नगर मार्गावर धावली, हे आपण दरवर्षी अभिमानाने सांगतो. सांगायलाच पाहिजे. पण त्याच नगरात रोज कामाला येणाऱ्या गड्याला आज तिकीट परवडतं का, हे कुणी विचारत नाही.

परवा माळीवाडा स्टँडवर शेजारी एक जोडपं बसलं होतं. दोघंही बांधकामावर बिगारी, गाव वीस-बावीस किलोमीटरवर. रोज येता का, असं सहज विचारलं. बाई म्हणाली, "मी रोज येते, दादा. हे काम पक्कं असलं तरच येतात." कारण तिला अर्धं तिकीट आणि त्याला पूर्ण.

हिशोब करून बघा. जानेवारी 2025 मध्ये भाडं 14.95 टक्क्यांनी वाढलं. साध्या गाडीचा सहा किलोमीटरचा टप्पा 8.70 वरून 10.05 रुपयांवर गेला. चार टप्पे म्हणजे चाळीस, येऊन-जाऊन ऐंशी. काम मिळालं तर ठीक. अड्ड्यावर दहा वाजेपर्यंत उभं राहून कुणी नेलंच नाही, तर ऐंशी रुपये घालवून रिकाम्या हाताने घरी. म्हणून तो माणूस गावातच बसतो, म्हणजे निम्मे दिवस कामच शोधत नाही.

आता लगेच "बायकांची सवलत बंद करा" म्हणणारे येतील. अजिबात नाही! मार्च 2023 पासून अर्धं तिकीट झालं म्हणून ती बाई रोज कामाला येतेय, हा सवलतीचा धडधडीत पुरावा आहे. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास फुकट, 65 च्या पुढे अर्धं तिकीट, विद्यार्थ्यांना पास. खेड्यातल्या मुलींना शाळेसाठी मोफत पास आहे, त्या योजनेला तर अहिल्याबाई होळकरांचं नाव आहे, आपल्या जिल्ह्याला मिळालं त्याच्या कितीतरी आधीपासून. पण या सगळ्या सवलती वय, शिक्षण नाहीतर बाई-पुरुष बघून. खिसा बघून दिलेली एकही मला तरी यात दिसत नाही. बागायतदाराच्या घरच्या बाईला अर्धं आणि भूमिहीन मजुराला पूर्ण!

कुणी म्हणेल, मासिक पास काढा की. वीस दिवसांचं भाडं भरा, तीस दिवस फिरा. नोकरदाराला मस्त आहे ते. पण वर सांगितलेल्या मजुराला त्यासाठी एकरकमी सोळाशे रुपये मोजावे लागतील. ते आणायचे कुठून? आणि महिन्यात पंधराच दिवस काम मिळालं, तर पास उलट महागात पडतो.

माझं म्हणणं साधं आहे. पिवळं रेशनकार्ड ज्याच्याकडे आहे, त्याला दहा फेऱ्यांचा स्वस्त पास द्या. फेरी वापरली की वजा, घरी बसला त्या दिवशी नुकसान नाही. गरीब कोण, हे नव्याने शोधायची गरज नाही, कार्ड सरकारनेच दिलंय. अमेरिकेत सिएटलच्या बसमध्ये 2015 पासून कमी उत्पन्नवाल्यांना वेगळं कार्ड आणि कमी भाडं आहे. त्यांना जमतं, तर ज्या राज्यात रेशनकार्ड घरोघरी पोचलं तिथे का जमू नये?

एसटी तोट्यात आहे, मान्य. म्हणून हा भार महामंडळावर टाकू नका. बाकी सवलतींची भरपाई सरकार देतं तशी याचीही द्यावी, आणि वेळेवर द्यावी. प्रवाशाच्या तिकिटातून सरकार साडेसतरा टक्के प्रवासी कर घेतं, त्यातूनच काढा म्हणावं.

आणि हो, गाडीच नसेल तर सवलत काय कामाची? संध्याकाळची शेवटची एसटी चुकली की वडाप. तिथे बाई असो की म्हातारं माणूस, सगळ्यांना पूर्ण भाडं. मुक्कामी गाड्यांचा विषय मोठा आहे, त्यावर वेगळं लिहीन.

पाथर्डी, जामखेड, पारनेर, श्रीगोंदा, शेवगाव, जिथून वाचत असाल तिथून दोन आकडे लिहा : तुमच्या गावाहून नगरचं येण्या-जाण्याचं तिकीट आणि गावातली आजची रोजंदारी. पालकमंत्र्यांना निवेदन द्यायचंय, त्याला जोडतो.