दार फिरलं पाहिजे

जुन्या घराची चौकट काढायची तर आधी कान लावावा लागतो. हातोडीच्या दांड्यानं टकटक केलं की भरीव लाकूड खणखणीत बोलतं, वाळवीनं आतून खाल्लेलं भसभशीत वाजतं. बारामती-इंदापूर भागात सुतारकी करताना नवं लाकूड तासण्यापेक्षा या जुन्या लाकडाची सोडवणूक मला जास्त मोलाची वाटत आली आहे. माळवद पाडून स्लॅब टाकायचा ठरला की सकाळी जेसीबी येतो आणि दुपारपर्यंत दारं, खुंट्या, फडताळं, खिडक्यांचे गज सगळं पांढऱ्या मातीत कालवून जातं. म्हणून ओळखीच्या घरांत मी सांगून ठेवलंय, जेसीबीच्या आदल्या दिवशी मला बोलवा.

आमच्याकडे एकदा गावंच्या गावं अशी सोडवावी लागली. भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं आणि इंदापूर तालुक्यातली नदीकाठची गावं फुगवट्याखाली गेली. पळसदेवचं जुनं देऊळ अजूनही पाणी खूप उतरलं की उघडं पडतं. दगड तिथं राहिला. वडील सांगायचे, लाकूड मात्र जमेल तेवढं लोकांनी बैलगाड्यांत घालून वर आणलं. नव्या गावठाणांत कामाला गेलो की त्याच्या खुणा भेटतात. पत्र्याच्या साध्या खोलीला कोरीव गणेशपट्टी असते. वाड्यातली तुळई गोठ्याचा आढा झालेली असते आणि तिच्यावरच्या रिकाम्या साळी सांगतात की इथं कधीकाळी दुसरं लाकूड बसलेलं होतं. हे करणाऱ्यांना शोभेची वस्तू करायची नव्हती. त्यांना डोक्यावर छप्पर हवं होतं, आणि लाकडाला पुन्हा काम मिळालं.

माझीही कसोटी तीच आहे. जुन्या दारावर काच टाकून त्याचं टेबल करणं सोपं आहे. बारामतीत नव्या बंगल्यांसाठी अशी मागणी वरचेवर येते आणि मी ते करूनही देतो. पण दार आडवं पडलं की त्याची सगळी हुशारी निजते. ती हुशारी कुसवात आहे. जुन्या दाराला बिजागरी नसते. झडपेच्या कडेचं उभं लाकूड खाली-वर थोडं लांब ठेवून गोल कोरलेलं असतं आणि ते चौकटीच्या खळग्यात फिरतं. बिजागरीच्या दाराचा भार स्क्रूंवर लोंबतो, म्हणून वर्षा-दोन वर्षांत स्क्रू ढिले होतात आणि दार फरशीला घासू लागतं. कुसवाच्या दाराचा भार सरळ खाली जमिनीवर उतरतो. वरच्या खळग्यात पुरेशी जागा ठेवलेली असेल, तर झडप नुसती वर उचलली की खालचं कुसू मोकळं होतं. पहार लावावीच लागत नाही.

इंदापुरात लेकाच्या फ्लॅटमध्ये राहायला आलेल्या एका आजींनी मला हे नेमक्या शब्दांत सांगितलं. धरणात गेलेल्या घराचं दार त्यांनी इतकी वर्षं गोठ्यात उभं करून ठेवलं होतं. "मेस्त्री, भिंतीला टांगून ठिवू नका. उघडाय-झाकाय आलं पायजे." दार ठेंगणं, दोन अरुंद झडपांचं, आताच्या चौकटीत बसणारं नव्हतं. स्वयंपाकघरातल्या कोपऱ्यात मी त्याचं धान्याचं कपाट केलं. कुसवं कापली नाहीत. खाली पितळेची वाटी बसवली, थेंबभर तेल सोडलं. कडी-कोयंडाही जुनाच ठेवला. आजींनी झडप लावली, उघडली, परत लावली आणि आत ज्वारीचा डबा नेऊन ठेवला.

हे काम करताना घाई चालत नाही. गंजलेला खिळा उपटण्याआधी त्याच्या डोक्यावर हलका ठोका द्यायचा, गंजाची पकड सुटली की मग अंबूर लावायचा. लाकडात एक जरी खिळा राहिला तरी रंध्याचं पातं गेलं म्हणून समजा. आणि रंग! जुन्या तेलरंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगात दहा लाख भागांत शिशाचे नव्वदपेक्षा जास्त भाग नसावेत हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणजे त्याआधी दारांवर चढलेल्या थरांचा भरवसा नाही. पॉलिशपेपरनं कोरडं घासलं की ती धूळ घरभर होते आणि लहान मुलांच्या पोटात जाते. मी रंग ओला करून खरवडतो, तोंडाला मास्क लावतो, खपल्या पिशवीत गोळा करतो आणि पोरांना लांब ठेवतो. नंतर जवसाच्या तेलाचा हात. तेलाची फडकी मात्र बोळा करून टाकायची नाहीत. आतल्या आत तापून ती पेट घेतात. पसरून वाळवायची.

सगळ्यांत जास्त जीव माझा खुंट्यांवर आहे. मातीच्या जाड भिंतीत खोल रुतलेली खुंटी सिमेंटच्या गिलाव्यात तशी धरत नाही. म्हणून पाडलेल्या माळवदाची जाड फळी घ्यायची, तिला गिरमिटानं तिरकी भोकं पाडायची आणि खुंट्या जराशा वर बघतील अशा ठोकायच्या, म्हणजे अडकवलेलं घसरत नाही. फळी भिंतीला चांगल्या लांब बोल्टांनी आवळायची. आता अशा फळ्या शाळेची दप्तरं टांगायला मागतात आणि दप्तरं जड असतात. त्यामुळे माझी हत्यारांची पिशवी, पटाश्या-वाकसासकट, प्रत्येक खुंटीवर रात्रभर लटकवून ठेवतो. सकाळी जी खुंटी हलली असेल ती काढून पुन्हा बसवतो.