गाळलेलं पान

चेन्नईतल्या पेरुंगुडीला आमच्या विधी विद्यापीठात जर्मन तत्त्वज्ञ कान्टचा तास असला की मी दोन पुस्तकं घेऊन जाते. एक १७८५ सालचं. माणसाला नुसतं साधन म्हणून कधी वापरू नये, तो स्वतःच साध्य आहे, हा विचार त्यातला. दुसरं त्याच्या एकवीस वर्षं आधीचं, १७६४चं. त्यात एका माणसाचं म्हणणं मूर्खपणाचं आहे याला कान्ट पुरावा देतो, तो त्या माणसाच्या काळ्या रंगाचा.

पूर्वी मी दुसरं पुस्तक नेत नसे. दुसऱ्या गावी, दुसऱ्या महाविद्यालयात कितीतरी वर्षं मी कान्ट शिकवला आणि ते पान गाळलं. मुलांच्या मनाला लागेल, असं स्वतःला समजावत राहिले. खरं तर जपायची होती ती माझी भक्ती. कान्ट वाचूनच मी या विषयाकडे वळले होते.

इथल्या पहिल्याच वर्षी, तास संपल्यावर एक विद्यार्थिनी थांबली. म्हणाली, "मॅडम, कान्टच्या 'माणूस' या शब्दात माझ्यासारखी काळी मुलगी येते का?" मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात तीच म्हणाली, "त्याचं ते वाक्य मी वाचलंय. तुम्ही सांगता का, एवढंच बघत होते."

त्या रात्री मला झोप लागली नाही.

आमच्या विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव आहे. त्या फाटकातून रोज आत शिरताना मला महाड आठवतं. २५ डिसेंबर १९२७ रोजी तिथे त्यांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृती जाळली गेली. ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. पण जाळली म्हणून बाबासाहेबांनी ती वाचायची सोडली नाही. 'शूद्र पूर्वी कोण होते?' या १९४६च्या ग्रंथात मनू आणि इतर स्मृतिकारांनी शूद्रांवर लादलेली बंधनं त्यांनी वचनांनिशी समोर मांडली. ग्रंथाचा मान त्यांनी काढून घेतला आणि त्याचा अभ्यास मात्र भाविकांहून बारकाईने केला.

मान काढून घेणं अलीकडेही घडलं. एडिंबरा विद्यापीठाने २०२० साली आपल्या एका इमारतीवरून तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमचं नाव उतरवलं. ह्यूमने एका तळटीपेत काळ्या लोकांना निसर्गतःच कनिष्ठ ठरवलं होतं. ही बातमी वर्गात सांगितली तेव्हा एक मुलगा म्हणाला, मग अभ्यासक्रमातूनही काढा. मी त्याला महाडची गोष्ट सांगितली. इमारतीवरचं नाव हा मान आहे, तो परत घेता येतो. पुस्तक टेबलावरच राहिलं पाहिजे, नाहीतर त्याला जाब कोण विचारणार?

मग मी मिल्लकडे येते. जॉन स्टुअर्ट मिल्लने १८२३ ते १८५८ अशी पस्तीस वर्षं ईस्ट इंडिया कंपनीची नोकरी केली. १८५९ साली स्वातंत्र्यावरचा ग्रंथ काढला आणि त्यातच लिहून ठेवलं की मागासलेल्या समाजांना हे तत्त्व लागू नाही. म्हणजे आपल्याला नाही. तरीही आपल्या आगरकरांनी मिल्ल वाचला, पचवला आणि १८८८ साली 'सुधारक' काढून स्वातंत्र्याची तीच भाषा मराठीत बोलायला सुरुवात केली. मिल्लने दार लावून घेतलं होतं. आगरकरांनी आत यायला त्याची परवानगी मागितली नाही.

कान्टच्या बाबतीत अजून एक गोष्ट मी सांगते. १७९५च्या लेखनात त्याने परक्या भूमीवर युरोपीय राष्ट्रांनी केलेल्या अन्यायाचा धिक्कार केला. तो बदलला होता का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मुलं तासभर भांडतात. मी भांडू देते.

प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीला मी दुसऱ्याच दिवशी वर्गासमोर सांगितलं होतं, की तिच्या प्रश्नाला मी आदल्या दिवशी नव्हे, अनेक वर्षांपूर्वीच उत्तर द्यायला हवं होतं. कान्टच्या मनात ती होती की नव्हती, हे मला तिच्या बाजूने ठरवता येणार नाही. पण 'माणूस' हा शब्द एकदा लिहिला गेला की तो लिहिणाऱ्याच्या ताब्यात राहत नाही.

सत्राच्या शेवटी तिने निबंध दिला. कायद्याचीच विद्यार्थिनी ती, तिने खटला उभा केला होता. आरोपी १७६४चा कान्ट, कायदा १७८५च्या कान्टचा. आरोपी दोषी ठरला, कायदा शाबूत राहिला. न्यायाधीशाच्या जागी तिने स्वतःचं नाव लिहिलं होतं.