सव्वा किलोचा रोहू

बासी ईदला आमच्याकडे कोणी घरात बसत नाही. ईदचा दिवस पाहुण्यांत, शीरखुर्म्यात आणि गळाभेटीत जातो. दुसऱ्या दिवशी मात्र सगळं खानदान डबे-देगच्या घेऊन कुठेतरी बाहेर पडतं. 2023 साली रमजान ईद 22 एप्रिलला, शनिवारी आली. दुसरा दिवस रविवार, त्यामुळे कुणालाच कामाची घाई नव्हती. मी माहेरी, पिंगळीला आले होते. रात्री इशानंतर आम्ही अंगणात बाजा टाकून बसलो होतो. धाकट्या भावाचा मुलगा, नुकताच आठवीची परीक्षा दिलेला, मोबाइल घेऊन माझ्याजवळ सरकला.

"फुप्पी, ये देखो. इंग्लंड में मछली पकडने की मॅच होती."

खरंच सामना चालला होता. तळ्याच्या काठाने माणसं ठरावीक अंतरावर बसलेली. कोण कुठे बसणार हे चिठ्ठ्या काढून ठरलेलं. वेळ सुरू झाली की सगळ्यांनी गळ टाकायचे, वेळ संपली की थांबायचं. पकडलेले मासे पाण्यातच जाळीच्या पिशवीत जिवंत ठेवायचे, शेवटी त्यांचं एकूण वजन करायचं आणि परत तळ्यात सोडून द्यायचं. साल्मन आणि ट्राउट हे तिकडचे मानाचे मासे. ते सोडून गोड्या पाण्यातल्या बाकीच्यांना तिकडे 'कोर्स फिश' म्हणतात, म्हणजे जाडेभरडे, साधे मासे. त्यातला कार्प आपल्या तलावांतही सायप्रिनस या नावाने सोडतात. आपले रोहू, कटला, मृगळ हेही त्याच कुळातले. आपल्याकडे पवई तलावावर गळ टाकणाऱ्यांची जुनी संघटना आहे, हेही मी त्याला सांगितलं.

"फिर अपन भी करेंगे," तो म्हणाला. आणि पाहता पाहता ठरलं. दोन भाऊ, मेहुणे, तीन मुलं आणि सातवी मी.

मी हट्टाने नाव घातलं, त्याला कारण होतं. आमचे मरहूम अब्बा रेल्वेत गँगमन होते. परभणी-पूर्णा लाइनवर तेव्हा मीटरगेजच्या लहान गाड्या धावत. सुट्टीच्या दिवशी अब्बा वेळूची काठी खांद्यावर टाकून निघत आणि भावांच्या आधी मी त्यांच्या मागे पळे. तंगुसाला गळ कसा बांधायचा, गांडूळ कसं ओवायचं, ज्वारीच्या ताटातल्या भेंडाचा तुकडा तंगुसावर कुठे बसवायचा, हे मला त्यांनी शिकवलं. भेंड पाण्यावर तरंगतं. ते थरथरलं तर मासा नुसता चाखतोय, बुडालं तर ओढायचं. "खाण्यापुरतं पकडायचं, बेटा. जीव घ्यायचा खेळ करायचा नाही," असं ते म्हणत. मी तेरा वर्षांची झाले आणि "आता मोठी झालीस" म्हणून काठी भावांकडे गेली. पुढे शिक्षण झालं, बीएड झालं, लग्न झालं, नोकरी लागली. तीस वर्षांनी हातात काठी घेताना मला जिंकायचं होतं, हे कबूल केलं पाहिजे.

सकाळी सातला पूर्णा नदीच्या एका डोहावर पोचलो. तिथल्या भोई लोकांना आदल्या रात्रीच भावाने फोन करून विचारलं होतं. त्यांच्या जाळ्यांच्या बाजूला जायचं नाही, एवढीच त्यांची अट. आमचे नियम मुलांनी वहीच्या पानावर लिहिले. एकाला एकच काठी. वितीपेक्षा लहान मासा परत सोडायचा. ज्याच्या गळाला लागेल त्याचा मासा. असरच्या आधी वजन. पहिल्याला मोठ्या भावाकडून नवी काठी आणि शेवटच्याने सगळी भांडी घासायची. आम्ही मासे परत सोडणार नव्हतो. सात जणांची शिकार आणि वीस जणांची जेवणं, असा हिशेब होता.

चिठ्ठीत मला अगदी टोकाची जागा आली. मागे एक बाभूळ, तिची सावली आठ वाजताच सरकली. शेजारी पुतण्या.

पहिल्या दोन तासांत माझं भेंड चारदा थरथरलं. चारही वेळा बारीक माशांनी गांडूळ कुरतडून नेलं. पाचव्यांदा गळ तळाच्या खडकात अडकला, ओढताना तंगूस तुटलं, गळही गेला आणि शिसंही. नवा गळ बांधायला चष्मा शोधावा लागला. दहाच्या सुमाराला एकदा ओढ बसली. वर आली ती बोटाएवढी शिंगटी. सोडवताना तिचा काटा अंगठ्यात शिरला. शिंगटीचा काटा ज्याला लागलाय त्यालाच ती कळ ठाऊक. वितीपेक्षा लहान होती, परत सोडली. अंगठा सुजला. एप्रिलचं ऊन, पाण्यावरून डोळ्यांत येणारी तिरीप, आणि पलीकडून दर थोड्या वेळाने भावांचा आरडाओरडा, "आला! आला!"

बारा वाजेपर्यंत मोठ्या भावाच्या बादलीत तीन मासे होते, मेहुण्यांकडे दोन. माझी बादली रिकामी. धाकटा भाऊ पाणी द्यायला आला आणि वाकून बघून म्हणाला, "आपा, पेपर कोराच का?"

सगळे हसले. मीही हसले, पण ते लागलं. वर्गात कोऱ्या पेपरावर मी काय काय बोलते, ते मला आठवलं.

पुतण्याची बादलीही रिकामीच होती. तो रडकुंडीला आला होता. मी त्याला म्हटलं, "ऊन चढलं की मासा खोल जातो. तुझं भेंड काठीकडे सरकव, म्हणजे गळ खाली जाईल." अब्बांचीच शिकवण. त्याने लगेच हातभर सरकवलं. मी स्वतः मात्र ते केलं नाही. सुजलेल्या अंगठ्याने गाठ सोडायचा कंटाळा आला.

जोहरची वेळ झाली. पुरुष आणि मुलं वर कडुनिंबाखाली नमाजेला गेली. काठ्या तशाच काठावर रोवलेल्या. मी नंतर पढणार होते. जाता जाता पुतण्या म्हणाला, "फुप्पी, मेरे गळ पे नजर रखो. अमानत हय तुम्हारे पास." मोठ्या माणसासारखं बोलला म्हणून मला हसू आलं.

ते वर गेले आणि वाऱ्याने त्याचं भेंड वाहत माझ्या बाजूला आलं. त्याचं तंगूस माझ्या तंगुसात गुंतलं. मी सोडवायला उठणार, तेवढ्यात दोन्ही भेंडं एकदमच खाली गेली. मी माझी काठी ओढली. काठी कमानीसारखी वाकली. इतक्या वर्षांनी तो जडपणा हातात आला आणि अंगठ्याची कळही विसरले. पाच-सात मिनिटं ओढाताण चालली. शेवटी रोहू काठाला आला, तांबूस परांचा, तुकतुकीत.

गळ काढायला बसले तेव्हा दिसलं. माशाच्या तोंडातल्या गळाच्या वर लाल दोरा बांधलेला होता. पुतण्याने ओळखीसाठी बांधलेला. माझा गळ बाजूला लोंबत होता, त्यावरचं गांडूळही शाबूत.

आजूबाजूला कोणी नव्हतं. बायका वर देगचीजवळ. मी रोहूच्या तोंडातून गळ काढला, गुंता सोडवला, त्याच्या गळाला नवीन गांडूळ लावून तो पाण्यात सोडला. आणि मासा माझ्या बादलीत टाकला.

मनाने लगेच सफाई तयार केली. काठी माझी होती. ओढला मी. भेंड सरकवायची अक्कलही माझीच. त्याला बिचाऱ्याला कळणारही नाही. मग मी वर जाऊन वजू केला आणि नमाज पढले. सलाम फेरला तेव्हा किती रकात झाल्या, ते सांगता आलं नसतं.

असरच्या आधी वजन झालं. भावाने ताणकाटा आणला होता. माझा एकटा रोहू सव्वा किलो भरला आणि त्या एका माशावर मी तिसरी आले. टाळ्या झाल्या. "आपाने अब्बांचं नाव राखलं," मोठा भाऊ म्हणाला. बाकी सगळ्यांकडे काही ना काही होतं. पुतण्या शेवटचा, वजन शून्य. तो काही बोलला नाही. देगच्या उचलून पाण्याकडे गेला.

मी त्याच्यामागे गेले. तो वाळूने तळ घासत होता. वर न बघता म्हणाला, "फुप्पी, तुमने बोला वैसाच किया था. खोल सोडा था. फिर भी नई आया."

त्याने माझ्यावर संशय घेतला असता तर कदाचित मी गप्प बसले असते. तो मात्र स्वतःचीच चूक शोधत होता. मी शिकवलेलं खरं होतं, त्याने केलेलंही बरोबर होतं, आणि तरी आपल्याला जमत नाही, एवढंच तो त्या दिवशी शिकून घरी गेला असता. मी त्याच्या शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. लाल दोऱ्यासकट.

त्याचे हात थांबले. बराच वेळाने त्याने एकच विचारलं, "फिर उस वक्त क्यूं नई बोले?"

बावीस वर्षं मी मुलांना प्रश्न विचारत आले आहे. या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

वर येऊन मी सगळ्यांसमोर सांगितलं. कोणी हसलं नाही, कोणी रागावलंही नाही. मोठ्या भावाने खिशातून वहीचं पान काढलं, माझ्या नावापुढचं वजन खोडलं आणि पुतण्याच्या नावापुढे लिहिलं. तो तिसरा आला, मी शेवटची. भांडी मी घासली. रोहूचं कालवण झालं, सगळ्यांनी खाल्लं. माझ्या घशाखाली भाकरी तेवढी उतरली. परतताना टेम्पोत पुतण्या माझ्याजवळ बसला नाही. सकाळी येताना माझ्या मांडीवर डोकं ठेवून आला होता.

त्या रात्री मला सूरह आराफमधला 'सब्त'च्या लोकांचा किस्सा आठवत राहिला. समुद्रकाठची ती वस्ती. शनिवारी शिकारीला बंदी, आणि त्याच दिवशी मासे पाण्यावर दिसत. इतर दिवशी फिरकत नसत. तफसीरकार सांगतात की त्या लोकांनी युक्ती काढली. जाळी आधी लावून ठेवायची आणि मासे रविवारी काढायचे. म्हणजे शनिवारी हात लावला नाही, असं म्हणायला मोकळे. मी हा किस्सा मुलांना कितीदा तरी सांगितलाय आणि दर वेळी मनात म्हटलंय, किती मूर्ख लोक! आता "काठी माझी होती" हे माझंच वाक्य त्यांच्या तोंडी ऐकू येत होतं. भरल्या बादलीच्या माणसाला इमानदारी सोपी असते. कसोटी लागते ती उन्हात रिकाम्या हाताने बसलेल्याची.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्याच चाचणीत एका मुलाच्या पॅडखाली चिठ्ठी सापडली. पूर्वी मी पेपर काढून घेत असे आणि वर्गासमोर उभं करत असे. या वेळी पेपर काढून घेतला, गुण दिले नाहीत, पण सगळ्यांसमोर काही बोलले नाही. तास संपल्यावर त्याला थांबवून विचारलं, "पेपर कोरा राहील याची भीती वाटली का?" त्याने मान हलवली. मग आम्ही धडा काढून बसलो. मुलगा सुधारला की नाही, ते इतक्यात सांगता येणार नाही.

महिन्याच्या शेवटी बकरी ईदला पुन्हा पिंगळीला गेले. बासी ईदला काय करायचं, याची चर्चा निघाली. पावसाळा तोंडावर, मासे अंड्यावर येतात, तेव्हा गळ आता दिवाळीनंतरच, असं ठरलं. मी विचारलं, "मला घेणार का?"

पुतण्या माझ्याकडे बघून हसला. ईदनंतर पहिल्यांदाच.

"आओ ना फुप्पी. लेकिन इस बार मेरे गळ पे मैंच नजर रखूंगा."

सगळे हसले, मीही हसले. तो अर्धी थट्टा करत होता. उरलेली अर्धी मी मुकाट्याने स्वीकारली.